गोमादादा मध्यंतरात मरतो

आमच्या शहापुरात 'डेव्हलपमेंट' हा शब्द उच्चारला की समोरचा माणूस आधी आपला सातबारा कुठे ठेवलाय ते आठवतो. महामार्गाच्या दोन्ही अंगांना इतके डेव्हलपर येऊन गेलेत की त्यात लोकांचं काही चुकतं असं मला वाटत नाही. अडचण एवढीच, की गेली काही वर्षं मी जे काम करतो त्यालाही डेव्हलपमेंटच म्हणतात, आणि त्याचा जमिनीशी काडीचा संबंध नाही. मी सिनेमाच्या डेव्हलपमेंटमध्ये आहे. त्यातही चरित्रपटांच्या.

कुणा नामवंत माणसाच्या आयुष्यावर चित्रपट काढावा असं मुंबईत कुणाच्या तरी मनात येतं. तिथपासून कॅमेरा सुरू होईपर्यंत जे जे घडतं, ते सगळं या शब्दात येतं. त्या माणसाला किंवा त्याच्या घरच्यांना गाठायचं, बोलतं करायचं, जुने फोटो मिळवायचे, घर-विहीर-शाळा दाखवायची, आणि शेवटी संमतीपत्रावर सही घ्यायची. आमचं आयुष्य पडद्यावर दाखवायला हरकत नाही, अशी ती सही. शहापूर आणि मुरबाड तालुक्यात हे काम करणारा माणूस मी. मुंबईची मंडळी मला 'लोकल को-ऑर्डिनेटर' म्हणतात. गावात अजून 'मधू शूटिंगवाला'च म्हणतात, कारण त्याआधी तीस वर्षं मी लग्नांचं व्हिडिओ शूटिंग केलं.

आजवर सात चरित्रपटांवर काम केलं. त्यांतला एकही बनलेला नाही.

हे मी लाजेने सांगत नाही. या धंद्यात बहुतेक पिक्चर डेव्हलपमेंटमध्येच म्हातारे होतात. भातसानगरला धरणावर नोकरी केलेले एक गृहस्थ होते. बुडणाऱ्या माणसांना पाण्यातून बाहेर काढण्यात त्यांची उभी हयात गेली. दिग्दर्शकाने त्यांना विचारलं, "पहिली उडी मारलीत, तेव्हा त्या क्षणी मनात काय आलं?" त्यांनी बराच वेळ विचार केला. म्हणाले, "पाणी गार होतं." अजून काही? "लय गार होतं." तीन बैठका झाल्या, तीनही वेळा पाणी गारच निघालं. पिक्चर बंद.

खर्डीकडचे एक समाजसेवक वारले होते. त्यांच्या तीन मुलांनी सह्या द्यायला होकार दिला. पण अंत्ययात्रेत मडकं कुणी धरलं होतं यावर एकमत होईना. प्रत्येकाच्या आठवणीत ते त्याच्याच हातात होतं. तोही पिक्चर बंद. लग्नाच्या कॅसेटमध्ये आपण किती वेळा दिसतो ते मोजणारी एक मावशी प्रत्येक घरात असते, हे मी तीस वर्षं बघितलं होतं. चरित्रपटाच्या कामात गावचं गाव मावशी होतं.

पण सांगायची आहे ती सातव्या चित्रपटाची हकिकत. त्यात चूक माझी होती.

मुरबाडच्या पुढे डोंगराच्या पायथ्याशी एक गाव आहे. नाव देत नाही. तिथे यमुनाबाई राहतात. वय पासष्टीच्या आसपास, काटक, बोलणं तोडकं. तरुणपणी त्या लांब पल्ल्याच्या शर्यती पळायच्या. तालुका, जिल्हा, राज्य असं करत थेट दिल्लीपर्यंत गेल्या आणि देशात दुसऱ्या आल्या. तेही लग्नानंतर, पदरात एक मुलगी असताना. पुढे आश्रमशाळेत नोकरी लागली, तिथूनच निवृत्त झाल्या. मध्यंतरी कुठल्याशा पेपरात त्यांच्यावर लेख आला, 'सह्याद्रीची हरिणी' अशा मथळ्याचा, आणि तो मुंबईच्या एका तरुण दिग्दर्शकाच्या वाचनात आला. त्याचं नाव निनाद. त्याच्याबरोबर लेखिका रेवती. दोघंही हुशार, मेहनती आणि कायम घाईत. यमुनाबाईंच्या मुलीचं लग्न मीच शूट केलेलं, त्यामुळे घरात माझं येणं-जाणं होतं. मी दोघांना घेऊन गेलो.

पहिल्या दिवशी यमुनाबाई अंगणात नाचणी पाखडत होत्या. त्यांचे यजमान गोमादादा चुलीपाशी होते. गोमादादा म्हणजे गावातला सगळ्यात गरीब स्वभावाचा माणूस. बायको पळायला जायची तेव्हा हा घरी भाकऱ्या थापायचा, पोरगी सांभाळायचा. भाकरी अजूनही त्याचीच. त्याने कोरा चहा आणून ठेवला आणि मला बाजूला घेऊन कानात विचारलं, "मधू, हे डेव्हलपर का?"

"नाय दादा. पिक्चरवाले."

"सही मागतील?"

"मागतील. पण जमिनीची नाय."

"मंग कशाची?"

"आयुष्याची."

गोमादादाचा चेहरा आणखीच पडला. जमिनीचं तरी त्याला कळत होतं.

निनादने पहिला प्रश्न विचारला. "यमुनाताई, तुमच्यात धावण्याची ठिणगी पडली तो क्षण सांगा."

"रेडा सुटला," यमुनाबाई म्हणाल्या.

"म्हणजे?"

"आमचा रेडा दावं तोडून पळाला. मी त्याच्या मागं पळाले. शाळेचे खेळाचे सर रस्त्यानं येत होते, त्यांनी बघितलं. म्हणाले, बाई, तू शर्यतीत पळशील का? मी म्हटलं, आधी रेडा बांधून येते."

निनादने रेवतीकडे बघितलं. रेवतीने वहीत लिहिलं. मग तो हळूच म्हणाला, "रेड्याऐवजी बिबट्या असेल तर?"

"बिबट्याच्या मागं कोण पळंल रे?" यमुनाबाई म्हणाल्या. "त्याच्या पुढं पळतात."

दिवसभर असंच चाललं. तुम्ही अनवाणी धावत असाल ना? नाय, ह्यांनी मुरबाडच्या बाजारातून बूट आणले होते. गावाने नावं ठेवली असतील? ठेवली, पण ती सगळ्यांनाच ठेवतात. दिल्लीला हरल्यावर रडलात? हरले कुठं, दुसरी आले. तिथं जेवायला काय होतं? हा प्रश्न मात्र त्यांना आवडला. त्यावर त्या अर्धा तास बोलल्या.

 परतताना मुरबाडच्या नाक्यावर आम्ही वडापाव खायला थांबलो. रेवतीने वही मिटली आणि म्हणाली, "मधूकाका, बाई ग्रेट आहेत. पण पिक्चर होणार नाही. संघर्ष नाही ना कुठे. पैसे लावणारी कंपनी पहिल्याच मीटिंगला फाइल बंद करेल. कुणीच विरोध केला नाही का हो त्यांना?"

इथे मला माझ्या मनातलं सांगितलं पाहिजे. सहा पिक्चर माझ्या डोळ्यांदेखत बंद झाले होते. शेवटी पडद्यावर नावांची जी रांग वर सरकत जाते, त्यात आपलं नाव एकदा दिसावं, शहापूरच्या थिएटरात बायकोला शेजारी बसवून ते बघावं, एवढीच माझी इच्छा. वड्याचा घास तोंडात होता. मी म्हणालो, "नवऱ्याने केला असणारच. डोंगरातलं गाव, तो काळ, बायको हाफ पँट घालून पळणार. असणारच."

रेवतीने वही पुन्हा उघडली.

'असणारच' हा शब्द फार वाईट. तो मुरबाडहून निघाला आणि मुंबईला पोचेपर्यंत त्याचा 'होता' झाला. कंपनीच्या मीटिंगमध्ये 'होता'चा 'मारायचा' झाला. हे मला तेव्हा माहीत नव्हतं. दोन महिन्यांनी फोन आला की कंपनीला गोष्ट प्रचंड आवडलीय, पटकथा तयार आहे, यमुनाताईंना वाचून दाखवायची आणि सही घ्यायची. मी खुशीत बायकोला म्हणालो, "या वेळी नक्की."

पटकथा वाचून दाखवण्याला या धंद्यात नॅरेशन म्हणतात. दिग्दर्शक सगळ्यांचे संवाद एकटाच करतो, मध्ये मध्ये तोंडाने पार्श्वसंगीतही देतो. मुंबईत ते बंद खोलीत होतं. आमच्याकडे ते अंगणात झालं, आणि ऐकायला अख्खं गाव आलं. बायका ओटीवर, पुरुष पेंढ्याच्या भाऱ्यांवर. पोलीस पाटील इस्त्रीची टोपी घालून पुढे बसला. त्याची समजूत अशी की पाटलाची भूमिका ज्याची त्यालाच मिळते. यमुनाबाई दाराला टेकून बसल्या. गोमादादा किटली घेऊन चहा वाटत फिरत होता.

निनाद उभा राहिला. सुरुवात झकास होती. डोंगर, धुकं, बिबट्या, पळणारी पोर. बिबट्या आला तेव्हा म्हाताऱ्यांनी माना डोलावल्या. रेडा पाहिलेले लोकही गप्प बसले. मग लग्न झालं. मग निनादने आवाज जाड केला आणि झोकांड्या खात म्हणाला, "दारूच्या नशेत गोमा दार ढकलतो!"

सगळ्या माना गोमादादाकडे वळल्या. तो पाटलाच्या कपात चहा ओतत होता.

"कवा?" त्याने विचारलं.

"दादा, हे सिनेमातलं आहे," निनाद म्हणाला आणि पुढे गेला. पुढे गोमाने यमुनाचे बूट चुलीत घातले. तिची प्रमाणपत्रं फाडली. चाबूक काढला. त्या गावात चाबूक कुणाकडेच नाही, बैल काठीने हाकतात. पण निनादने असा काही फटका मारला की ओटीवरच्या बायका "अगो बाय" म्हणाल्या. गोमादादा किटली घेऊन जागच्या जागी उभा. स्वतःचा पराक्रम ऐकून त्याचं तोंड उघडं पडलं होतं.

मग पूर आला. यमुनाचं पदक पुरात वाहून चाललं. गोमाला पश्चात्ताप झाला. त्याने उडी मारली, पदक काठावर फेकलं आणि "यमुने, पळ!" असं ओरडून तो बुडाला.

"इथे मध्यंतर," निनाद म्हणाला.

"गोम्या!" पोलीस पाटील ओरडला. "मेलास की रे!"

हसण्याचा गदारोळ झाला. पण गोमादादाच्या डोळ्यांत खरोखर पाणी होतं. तो पुढे येऊन निनादला म्हणाला, "म्हणजे मध्यंतरानंतर मी नाय?"

"आठवणीत येता ना दादा."

"किती वेळा?"

"तीन-चारदा तरी."

गोमादादाने मान हलवली. "मरण चांगलं दिलंय पण," तो मला म्हणाला. "मला पोहता येत नाय, तरी उडी घेतली."

यमुनाबाई हसल्या नव्हत्या. त्या उठून अंगणाच्या मधोमध आल्या, तसं एकेकाचं हसू थांबलं. निनादला त्यांनी शांतपणे विचारलं, "हा मारायचा, हे तुला कुणी सांगितलं?"

निनादने रेवतीकडे बघितलं. रेवतीने वहीची पानं मागे उलटली, एका पानावर बोट ठेवलं आणि माझ्याकडे बघितलं. सगळं गाव माझ्याकडे बघायला लागलं. कॅमेऱ्यामागे राहायची सवय असलेल्या माणसाला एवढ्या नजरा झेपत नाहीत.

"मधू, तू?" यमुनाबाई म्हणाल्या.

मी म्हणालो, "मी मारायचा असं म्हटलं नव्हतं. विरोध असणार, एवढंच म्हटलं."

"असणार म्हणजे? तुला कुणी सांगितलं होतं?"

"नाय."

"तू बघितलं होतंस?"

"नाय. माझ्या मनाचं सांगितलं. पिक्चर बंद पडू नये म्हणून."

 त्यांनी शिव्या दिल्या असत्या तर बरं वाटलं असतं. लेकीच्या लग्नात ज्या माणसाने माझ्या ताटात वाकून वाकून वाढलं होतं, त्याला मी सगळ्या तालुक्यासमोर बायको मारणारा करून ठेवणार होतो. सुरुवातीलाच निनादने दिलेला संमतीपत्राचा कागद यमुनाबाईंनी त्याच्या हातात परत दिला. "माझा नवरा मारकुटा नाय. सही मिळणार नाय."

निनादचा चेहरा उतरला. मी पिशवी आवरायला घेतली. सातवा पिक्चर गेला, आणि या वेळी एक ओळखीचं घरही गेलं असं वाटलं.

तेवढ्यात गोमादादाने किटली ओट्यावर ठेवली. "मधूचं अगदीच खोटं नाय," तो म्हणाला.

"तू गप बस," यमुनाबाई म्हणाल्या. "त्याची बाजू घ्यायची गरज नाय."

"बाजू नाय घेत. तुला एक सांगायचं राहिलंय." तो तिच्याकडे न बघता जमिनीकडे बघत बोलायला लागला. "दिल्लीचं पत्र आलं होतं ना तुझं, निवडीचं. ते पोस्टमननं मला शेतावर दिलं होतं. मी तुला तिसऱ्या दिवशी दिलं. पोस्टाला उशीर झाला म्हटलं. उशीर नव्हता झाला. दोन दिवस मी ते भाताच्या कणगीत लपवून ठेवलं होतं."

 पाटलाने टोपी काढून मांडीवर ठेवली.

"का?" हे रेवतीने विचारलं, अगदी हळू.

"वाटलं, दिल्ली बघितल्यावर ही कशाला परत येईल हितं?" गोमादादा म्हणाला. "आणि ही पळते किती ते मला म्हायती. नाय आली तर मी गाठणार कसा हिला?"

कुणीतरी हसलं आणि लगेच थांबलं. यमुनाबाई नवऱ्याकडे बघत होत्या.

"मला म्हायती होतं," त्या म्हणाल्या.

आता गोमादादाने वर बघितलं.

"त्याच संध्याकाळी भात काढायला कणगीत हात घातला तर पत्र हाताला लागलं. वाचलं आणि परत ठेवलं."

"मंग बोलली का नाय? एवढी वर्षं?"

"तू काय करतोस ते बघत होते. दोन दिवस बघत होते. तिसऱ्या दिवशी दिलंस. मंग काय बोलायचं होतं?"

"आणि नसतं दिलं तर?"

"गेले असतेच," यमुनाबाई म्हणाल्या. "परत आले नसते."

  गोमादादाने किटली उचलली, एका कपात चहा ओतला आणि तिच्यापुढे धरला.  यमुनाबाईंनी कप घेतला आणि त्या प्यायल्या.

निनादचं भान सुटलं होतं. तो अक्षरशः हात जोडून पुढे आला. "ताई, हाच सीन! हाच पिक्चर आहे! ते चाबूक-पूर सगळं फेकून देतो. फक्त हे द्या मला."

"नाय," यमुनाबाई म्हणाल्या. "हे लिवायचं नाय."

रेवतीने ताबडतोब वही मिटून पिशवीत टाकली. त्या दिवसापासून मी त्या मुलीला मानतो.

सही मात्र मिळाली. यमुनाबाईंनी अटी सांगितल्या आणि संमतीपत्राच्या पाठीमागे मी त्या माझ्या हाताने लिहिल्या. गोमा मारत नाही. गोमा मरत नाही. बूट गोमाने आणले. रेडा म्हणजे रेडा. दिल्लीला दुसरी म्हणजे दुसरी. कणगीचं पत्र नाही. खाली त्यांनी वळणदार सही केली. गोमादादाने जमिनीची नाही ना, असं पुन्हा एकदा विचारून घेतलं. पाटलाने न मागता साक्षीदार म्हणून सही ठोकली.

कंपनीने तो कागद वाचला आणि विचारलं की मग उरलं काय. तेव्हापासून चित्रपट डेव्हलपमेंटमध्ये आहे. मध्ये त्याची मालिका होणार होती. मग एक मोठी नायिका तयार झाली, पण तिला रेड्याऐवजी घोडा हवा होता. रेवती अधूनमधून फोन करते. ती पटकथा पुन्हा लिहितेय, म्हणते. माणूस मारत नाही, मरत नाही आणि तरीही लोक खुर्चीत बसून राहतात असं काहीतरी तिला जमवायचंय. मला वाटतं जमेल तिला. माझं नाव त्या रांगेत येईल की नाही, याची मी आता फार चौकशी करत नाही.

या अंकासाठी लिहा असं संपादकांनी सांगितलं तेव्हा मी आधी मुरबाडची एसटी धरली. त्या दिवसानंतर पहिल्यांदाच त्या घरी जात होतो. यमुनाबाईंनी चहा दिला, पण माझ्याकडे फारसं बघितलं नाही. मी चाचरत विचारलं, की कणगीचं पत्र लिहिलं तर चालेल का.

"पिक्चरमधी नको म्हटलं होतं," त्या म्हणाल्या. "तिथं दुसराच कोण गोमा होऊन रडणार, दुसरीच कोण मी होऊन बोलणार. तू तर हितं होतास. लिव. पण तुझं खोटं आधी लिव, मंग आमचं खरं."

म्हणून वडापावचा प्रसंग आधी आला आहे.

निघालो तेव्हा गोमादादा मला सोडायला रस्त्यापर्यंत आला. एसटीला वेळ होता. बांधाकडेला उभं राहून त्याने इकडेतिकडे बघितलं आणि आवाज खाली आणून विचारलं, "मधू, तुला काय वाटतं? मी पत्र नसतं दिलं तर ती खरंच परत नसती आली?"

मी म्हणालो, "दादा, मी माझ्या मनाचं काही सांगायचं बंद केलंय. तिलाच विचारा."

"विचारलं ना. रोज विचारतो."

"मग काय म्हणते?"

"म्हणते," गोमादादा म्हणाला, आणि त्याच्या चेहऱ्यावर असं काही हसू आलं की माझ्याकडे कॅमेरा हवा होता, "अजून ठरवलं नाय."